मंगळावरचे सहा वाटाणे

शाळेच्या ऑफिसात चिमटीच्या नावाची स्वतंत्र फाईल होती, आणि सातवीतल्या मुलीच्या मानाने ती चांगलीच जाड होती. आत अकरा तक्रारी होत्या. अकराव्या तक्रारीचा किस्सा तर शिपायापासून पालकांपर्यंत सगळे अजून चवीने सांगत. चिमटीने शिक्षकांच्या खोलीतलं घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं, शिपायाने ते घड्याळ बघून घंटा दिली, आणि सगळी शाळा, शिक्षकांसकट, वीस मिनिटं आधी घरी गेली. तक्रार करायला मागे एकटे हेडसर उरले होते.

हेडसरांना मुलं पाठीमागे फत्तर म्हणत, कारण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. ते चिमटीवर ओरडले नाहीत की तिला वर्गाबाहेर उभं केलं नाही. फाईल बंद करत एवढंच म्हणाले, "बारावी तक्रार आली की अवकाश मंडळातून तुझं नाव कायमचं कमी." फत्तर झाला म्हणून काय झालं, कुठे मारलं की लागतं ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

कारण चिमटी सगळ्या जगात एकाच जागी शांत बसायची: तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेला लागून असलेल्या मंडळाच्या खोलीत. मधल्या सुट्टीत तिथल्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पडायची आणि चिमटी पेन्सिलीने त्यावरचे डाग टिपत बसायची. त्या वेळी बाजूला फटाका फोडला असता तरी तिने मान वळवली नसती. ही खोली गेली तर शाळेत यायचं तरी कशाला, असं तिचं स्वच्छ मत होतं.

विज्ञानाच्या बाई त्या दिवशी हेडसरांकडे गेल्या आणि त्यांनी लेखी दिलं, "या मुलीची हमी मी घेते." खाली सही. बाईंची सही म्हणजे ऐरीगैरी गोष्ट नव्हे. लग्नपत्रिका आली तरी त्यातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवणाऱ्या बाई त्या. त्यांनी अकराच्या अकरा तक्रारी वाचून सही केली होती. चिमटीने त्याच दिवशी कानाला खडा लावला आणि शब्द पाळलाही. पुढे जे झालं ती खोडी नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मंडळाचा त्या वर्षीचा प्रकल्प होता मंगळावरची शेती. विटांचा चुरा, गंजक्या खिळ्यांचा कीस आणि धुतलेली वाळू कालवून बाईंनी मंगळावरच्यासारखी माती तयार केली आणि ओव्हनमध्ये भाजून काढली, म्हणजे तिच्यात जिवंत असं काही राहायला नको. सहा कुंड्यांत ही माती, सहा कुंड्यांत बागेतली नेहमीची. बाराही कुंड्यांत वाटाणा. सगळ्यांना सारखं ऊन, मापून सारखं पाणी, आणि वरून दुसरं काही म्हणजे काही घालायचं नाही. मंगळावरचे वाटाणे रडतखडत वाढणार हे उघड होतं. किती रडतखडत, तेवढं सहा आठवडे मोजायचं होतं.

मोजणारे तिघं. एक चिमटी. दुसरा दशांश, ज्याला वेळ विचारली तर तो सेकंदांसकट सांगायचा. त्याच्या वडिलांचं सलून होतं आणि त्याचा भांग पट्टीने पाडल्यासारखा असे. तिसरी रेडिओ. ही मुलगी दिवसाकाठी चार शब्द बोलली तर पाचवा उद्यावर ढकलायची, म्हणून तिचं नाव रेडिओ.

दुसऱ्या आठवड्यात मंगळावरची पानं पिवळी पडायला लागली. चौथ्या कुंडीतल्या वेलाने तर शेजारची काठी सोडून कुंडीच्या काठावर मान टाकली. शाळेतून घरी जाताना चिमटीच्या डोळ्यांसमोर ती मान येत राहिली. माणसांना छळताना जिला कधी काही वाटलं नाही, तिला वाटाण्याची दया यावी याचीच तिला इतकी लाज वाटली, की तिने ते कोणापुढे काढलं नाही.

तिची मावशी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. आई कामावरून येईपर्यंत चिमटीही तिथेच असायची, आणि तिथल्या माशांच्या टाकीतलं पाणी बदलायचं काम तिच्याकडे होतं. टाकीतलं जुनं पाणी मावशी घरी नेऊन कुंड्यांना घालायची आणि वेल कसे तरारतात ते चारचौघांना सांगायची. चिमटीने एका सोमवारी ते पाणी आपल्या गुलाबी बाटलीत भरलं. मग गुरुवारीही भरलं. एकदा दशांशने तहान लागली म्हणून ती बाटली तोंडाला लावली, तेव्हा तिने ती इतक्या जोरात हिसकावली की तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

सहा आठवड्यांनी सरासरी निघाली. पृथ्वी, चोवीस पूर्णांक नऊ सेंटिमीटर. मंगळ, एकतीस पूर्णांक चार.

बाईंनी तीन वेगवेगळ्या पट्ट्यांनी तीनदा मोजलं. मग चष्मा काढला, पुसला, आणि चौथ्यांदा मोजलं. चिमटीला मनातून भलतंच कोडं पडलं होतं. आठवड्याला दोन बाटल्या माशांच्या पाण्याने मंगळ हिरवा झाला असेल, समजा. पण पृथ्वीला काय धाड भरली? बागेतल्या मातीतले वाटाणे असे उपाशी ठेवल्यासारखे का दिसत होते?

विचारायची सोय नव्हती, कारण तोवर बाई खुर्चीत बसून हसत होत्या. नऊ वर्षं त्या राष्ट्रीय विद्यार्थी अवकाश परिषदेला प्रकल्प पाठवत होत्या आणि नऊ वर्षं आभाराचं पत्र येत होतं. या वेळी पत्र आलं ते बोलावण्याचं. बाईंनी ते तीनदा वाचलं आणि त्यातली एक चूक लाल पेनाने दुरुस्तही केली, पण परत काही पाठवलं नाही. अशा माणसाला आता कसं सांगायचं? आणि सांगायचं म्हणजे बारावी तक्रार स्वतःच्या हाताने फाईलला लावायची. चिमटी गप्प बसली. गप्प बसायची सवय नसल्यामुळे तिला त्याचा फार त्रास झाला.

परिषदेचा हॉल म्हणजे चिमटीच्या शाळेचं मैदान आत बसेल एवढा. नव्या गालिच्याचा वास, प्रत्येकाच्या गळ्यात पाट्या, आणि मोठ्या माणसांच्या उंचीला लावलेला माइक, जो रेडिओच्या डोक्यावरून जात होता. यांचा नंबर चौदावा. त्यांच्या आधी लाल टायवाल्या चार मुलांनी उपग्रहाच्या कक्षेवर असं काही इंग्रजी फाडलं की पहिल्या रांगेतले परीक्षकही माना डोलवता डोलवता पेंगले.

मग चिमटी उभी राहिली. एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला हा तिचा खाक्या, पण त्या दिवशी ती शब्द निवडून, मापून बोलली. दशांशने आकडे सांगितले. रेडिओने काठीने आलेखावर दाखवलं. मंगळाची रेघ पृथ्वीच्या रेघेला ओलांडून वर गेली तशी हॉलमध्ये कुजबुज झाली आणि परीक्षकांमधला एक म्हातारा खाडकन जागा झाला. हे गृहस्थ झाडांचे डॉक्टर होते. अंतराळयानात भाजी कशी पिकवावी यात त्यांचा जन्म गेला होता.

"पृथ्वीचे वाटाणे इतके खुरटले कशाने?" त्यांनी विचारलं.

"चोवीस पूर्णांक नऊ, सर," दशांश म्हणाला.

"आकडा ऐकला मी, बाळ. कारण विचारतोय."

रेडिओ आपल्या बुटांच्या नाड्या नव्यानेच पाहिल्यासारख्या बघायला लागली.

"बरं. मंगळाच्या कुंड्यांत पाण्याशिवाय काही घातलंत? खरं सांगा."

"नाही," दशांश म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने इतकं आखूड उत्तर दिलं होतं, आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. चिमटीने ते पाहिलं, पण तिच्या स्वतःच्याच डोक्यात गुलाबी बाटली इतकी घोळत होती की तिला त्याचा अर्थ लावायला सवड झाली नाही.

म्हातारे परीक्षक उभेच राहिले. "मग पोरांनो, तुम्ही काय करून बसलात ते तुम्हाला कळत नाहीये. आम्ही सहा वर्षं यात डोकं घातलं, आमचा एक वेल वितीच्या वर गेला नाही. सोमवारपासून मी माझ्या दोन विद्यार्थ्यांची बाकीची कामं बंद करतो आणि त्यांना तुमच्या मिश्रणावर बसवतो. वर्ष लागलं तरी चालेल!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. दोन्ही हात गालांवर ठेवून त्या नुसत्या बघत होत्या. इतका आनंद झालेलं माणूस चिमटीने जवळून कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला वाटलं आपण इथून गायब व्हावं.

खोडीला एक नियम असतो, आणि चिमटीने तो अकराही वेळा पाळला होता. ज्याची खोडी काढली त्याला संध्याकाळपर्यंत तरी हसता आलं पाहिजे. दोन माणसांनी वर्षभर विटांचा चुरा भाजत बसायचं, कोणामुळे, तर दातांच्या दवाखान्यातल्या माशांमुळे, हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. मंडळाची खोली तिच्या डोळ्यांपुढे आली. तिथला कागद, त्यावरचा तो वाटोळा उजेड. मग तिने माइक खाली ओढला.

"सर, त्यांना बसवू नका. मी घातलं होतं. माशांच्या टाकीतलं पाणी. आठवड्यातून दोनदा, एक एक बाटली. ह्या दोघांना काही माहीत नाही. बाईंना तर अजिबात नाही. सगळं माझं एकटीचं आहे."

चिमटीने बाईंकडे बघायचं टाळलं.

"खोटं बोलतेय ती," दशांश म्हणाला. मग त्याने स्वतःलाच दुरुस्त केलं. "म्हणजे खरं बोलतेय, पण एकटीचं नाही. मी केस घातले. आमच्या सलूनमधले. झाडांना केस चांगले असतात असं बाबांचं गिऱ्हाईक म्हणालं होतं. दर कुंडीत साडेसात ग्रॅम, मातीखाली दोन पूर्णांक पाच सेंटिमीटरवर."

"अरे!" चिमटी माइकमध्येच ओरडली. "तू? तू तर मला पट्टी वाकडी धरली म्हणून ओरडायचास!"

"पट्टी वाकडी धरायची नसतेच!"

पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. एवढ्यात रेडिओने माइक स्वतःकडे वळवला, आणि चिमटी आणि दशांश दोघंही घाबरून गप्प झाले, कारण माइक तर सोडाच, तिने वर्गात कधी हात वर केला नव्हता.

"मी रोज पृथ्वीतली एक चमचा माती काढून मंगळात टाकायचे," रेडिओ म्हणाली. "आणि मंगळातली पृथ्वीत. जागा भरायला."

मग पृथ्वीला काय धाड भरली होती ते चिमटीच्या डोक्यात लख्ख उजाडलं आणि तिला स्टेजवर, एवढ्या नामुष्कीत, हसू फुटलं. लाल टायवाले हसले. परीक्षक हसले. म्हाताऱ्यांना तर डोळे पुसावे लागले.

"केसांचं पाप वाया गेलं बरं का," ते दशांशला म्हणाले. "केस कुजायला वर्ष जातं. माती आणि मासे, त्यांनीच काम केलं." मग ते गंभीर झाले. "निष्कर्ष साफ चूक. प्रकल्प स्पर्धेतून बाद. आता शास्त्रज्ञासारखं सांगा, प्रयोगात दोष कुठे राहिला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खोलीला कुलूप नव्हतं," रेडिओ म्हणाली.

"बरोबर. कुलूप लावा, पुन्हा करा, आणि जे येईल ते मला पाठवा. मेले तर मेले म्हणून पाठवा."

बाई मात्र हसल्या नाहीत. बाहेर पाण्याच्या मशीनपाशी त्यांनी तिघांना गाठलं. दशांश आणि रेडिओकडे त्यांनी नुसतं रोखून पाहिलं, तेवढ्याने ती दोघं भिंतीला टेकली. चिमटीला मात्र त्या बोलल्या.

"नऊ वर्षं वाट पाहिली मी. मला वाईट वाटलंय, खूप वाईट वाटलंय, आणि ते मी लपवणार नाही. तू तिथे उभी राहून बोललीस, ते मला आवडलं. पण आवडलं म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही. कळतंय?"

"कळतंय," चिमटी म्हणाली. "मी काय करू, बाई?"

"हेडसरांना तू सांगायचंस. मी नाही. आणि कुलपाची किल्लीही त्यांच्याकडेच द्यायची. या शाळेत ज्याला वाटाणे बघून पाझर फुटणार नाही असं दुसरं माणूस मला दिसत नाही."

सोमवारी चिमटी ऑफिसात उभी राहिली. हेडसरांच्या टेबलावर एक प्लास्टिकचं फूल होतं आणि त्यावरची धूळसुद्धा शिस्तीत बसली होती. त्यांनी काळ्या चहाचा कप बाजूला सारला आणि माशांपासून केसांपर्यंत सगळं ऐकून घेतलं. फाईल उघडली, बाईंचं हमीपत्र वाचलं, फाईल मिटली.

"प्रयोग पुन्हा होईल. किल्ली माझ्याकडे. रोज सकाळी आठला मी दार उघडीन, माझ्यासमोर मोजायचं, माझ्यासमोर पाणी घालायचं आणि निघायचं. मंगळाच्या कुंडीत कणभर काही बाहेरचं सापडलं तर ती बारावी तक्रार. तू बाहेर, आणि बाईंची हमीही रद्द. मला झाडांचं काही कौतुक नाही, हे लक्षात ठेव."

"हो सर," चिमटी म्हणाली. तिला ते मनापासून पटलं होतं.

पुढचे पाच आठवडे तिच्यासाठी शिक्षाच होती. मंगळावरची पानं ठरल्याप्रमाणे पिवळी पडली, मग तपकिरी झाली. दशांश आकडे सांगताना घसा खाकरायचा. रेडिओ पृथ्वीच्या कुंड्यांकडे पाठ करून उभी राहायची, मोह नको म्हणून. चिमटी दवाखान्यातलं टाकीचं पाणी मावशीच्या हवाली करायची आणि हात खिशात घालायची. हेडसर दारात उभे राहून घड्याळ बघायचे. एकदाच त्यांनी विचारलं, "ही सहा नंबरची अशीच राहणार का?" दशांश म्हणाला, "नाही सर, मरणार." हेडसर "बरं" म्हणाले आणि त्यांनी दाराला कुलूप लावलं.

सहाव्या आठवड्यातल्या सोमवारी, तीन दिवसांच्या जोडसुट्टीनंतर, दशांश तापाने घरी होता आणि रेडिओ सभागृहात समूहगीताच्या सरावाला गेली होती, तोंड हलवायला. चिमटी एकटीच मोजत होती. पहिली कुंडी, दुसरी, तिसरी. सहावीपाशी तिची पट्टी थांबली.

वेल उभा होता. फार नाही, पण मान वर होती, आणि शेंड्याला करडईच्या दाण्याएवढं हिरवं पान फुटलं होतं. माती वरून काळपट दिसत होती. चिमटीने वाकून पाहिलं, बोटाने उकरलं, नाकाशी नेलं. चहाची उकळलेली पूड.

बारावी तक्रार. कणभर नाही, चांगली चमचाभर. ती पूड मातीखाली दाबून टाकायला तिचे हात नुसते शिवशिवले. मग तिला दुसरंच काही सुचलं. खोलीला एकच दार होतं, दाराला एकच कुलूप आणि कुलपाला एकच किल्ली.

ती सावकाश वळली. हेडसर दारात उभे होते. घड्याळाकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

चिमटीने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "कुंडी क्रमांक सहा," तिने मोठ्याने म्हणत लिहिलं. "उंची नऊ सेंटिमीटर. मातीवर चहाची पूड." मग तिने मान वर केली. "किती लिहू, सर? आणि कधीपासून?"

खाली मैदानावर पहिलीची मुलं आरडाओरडा करत धावत होती.

"दोन चमचे," हेडसर म्हणाले. "गुरुवारपासून." आणि मग, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, पण कान पार लाल करून, "बघवत नव्हतं तिच्याकडे."

चिमटीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. हसू तिने ओठ चावून आत ठेवलं, आणि ते ठेवताना तिला या माणसाविषयी अचानक इतकी माया वाटली की तिचं तिलाच नवल वाटलं. हेडसरांनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली.

"बाईंना सांगायला हवं," ते म्हणाले.

"हो सर," चिमटी वही मिटत म्हणाली. "पहिल्यांदा फार जड जातं. चला, मी येते बरोबर."